बोटभर जागा

भिंत छताला टेकत नाही.
मुद्दाम सोडतात बोटभर जागा,
कारण छत वाकतं.
पलंग, कपाटं, माणसं, गच्चीवरचा बर्फ,
सगळ्यांचं ओझं घेऊन केसभर खाली येतं,
ते भिंतीच्या डोक्यावर बसू नये म्हणून.
हे मला रोडेलिओनं सांगितलं पहिल्या दिवशी,
विनिपेगात, उणे एकतीसमध्ये,
काचा न बसलेल्या चौथ्या मजल्यावर,
थर्मासचं झाकण दातांनी उघडत.
“मग तीच जागा आपण का बुजवायची?”
“धुराला दार लागत नाही, हालिना.”

याआधी मी बेकरीत होते.
हात तेच, पीठ बदललं.
लोकर फटीपेक्षा जाड कापायची,
चिमटीत दाबायची, आत सरकवायची,
आत गेली की ती फुलते आणि धरून बसते.
दगड वितळवून कातलेली लोकर.
जी एकदा भट्टीतून आलेली
तिलाच आगीच्या वाटेत बसवायचं.
हातमोज्याच्या कडेतून शिरते ती,
रात्री मनगटं खाजतात,
उशीलाही कळतं दिवसा काय केलं ते.

मग वरून लाल लेप,
ओला असताना सायीसारखा, वाळला की रबर.
छत हललं तर त्यानंही हलावं.
शेवटी चिकटपट्टी: तारीख, दोन तास, माझी सही.
दोन तास.
म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीवरून
जिन्यापर्यंत न्यायला लागणारे.

एप्रिलात आवाज मोजणारा आला.
एका खोलीत भोंगा, धबधब्यासारखा खरखरणारा,
दुसऱ्या खोलीत तो, यंत्र हातात, डोळे मिटून.
चारशे बारा नापास.
भिंतीला कान असतात म्हणतात.
असतात, पण वर, छताला लागून,
जिथे साहेब मान उंचावत नाही.
रोडेलिओनं दिवे घालवले,
पलीकडे मला टॉर्च देऊन शिडीवर चढवलं.
“सरकव. हळू. अजून.”
मग गप्प झाला.
हवेच्या नळकांड्यामागे
सुईएवढा उजेड.

खाली माझीच सही.
त्या दिवशी बोटं बधिर होती,
नळकांड्यामागे हात जात नव्हता,
लोकर नुसती तोंडाशी ठेवून मी लाल फासलं होतं.
लेप वाळला, भेगला.
तो ओरडला नाही.
सुरीनं सगळं उकरलं, बादलीत टाकलं,
आणि माझा हात धरून
कोपर कुठून वळवायचं ते दाखवलं.
नव्या पट्टीवर स्वतःचं नाव घातलं नाही.
“तूच लिही. आजची तारीख.”

आता खाली खोटं छत आहे, पांढऱ्या चौकोनांचं.
आमचं काम कुणाला दिसत नाही.
दिसेल त्या दिवशी कुणाला बघायला वेळ नसेल.

नोव्हेंबरात तपासणीला गेले.
चारशे बारात मिसेस शार्त्रां,
मांडीवर कातडी चपला, त्यावर निम्मं मण्यांचं फूल.
मी चौकोन उचलला, डोकावले. लेप शाबूत.
“पोरी, पलीकडे कुणी राहतं का?”
दारावर पाटी होती, टोरफासन.
“राहतात की.”
“खोकतसुद्धा नाही मेला.
जुन्या घरी शेजारीण रात्र रात्र भांडायची,
मी शिव्या घालायचे तिला.
आता मणी सांडला तरी दचकते.”

शिडी मिटली.
निघता निघता काय वाटलं कुणास ठाऊक,
भिंतीवर पेरांनी तीनदा वाजवलं.
बोलणं अडतं,
ठोका भिंतीच्या हाडांतून जातो.
बराच वेळ काही नाही.
बाईंची सुई हवेत.
मग पलीकडून एक,
आणि जरा विचार करून
आणखी एक.

बाई उठून भिंतीशी गेल्या, चपला मांडीवरून घरंगळल्या,
मणी सगळ्या फरशीभर.
मी गुडघ्यांवर बसून वेचताना
कागदावर एका हातानं लिहिलं:
चारशे बारा. गळती नाही.